युरोपचें क्रीडांगण आणि तेथील वाटाडे

इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केलेल्या आपल्याकडील पदवीधराला लेस्ली स्टीफन हें नांव अपरिचित नसतें. अठराव्या शतकांतील इंग्रजी विचाराचा इतिहासकार, इंग्लंडच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचा पहिला संपादक आणि व्हर्जिनिया वुल्फ या कादंबरीकर्त्रीचा पिता म्हणून त्याची ओळख असते. परंतु याच काहीशा रुक्ष समजल्या जाणाऱ्या पंडितानें १८७१ सालीं आल्प्स पर्वतावर एक पुस्तक लिहिलें आणि त्याला ‘युरोपचें क्रीडांगण’ असें नांव दिलें, ही गोष्ट आपल्या वर्गांतून क्वचितच सांगितली जाते. क्रीडा ही वाङ्मयाची सामग्री होऊं शकते यावरच मुळीं आपला विश्वास नाहीं, हें त्याचें कारण असावें. डोंगर म्हटला कीं आपणांस तपश्चर्या आठवते, तीर्थ आठवतें, नाहींतर किल्ला आणि लढाई आठवते. केवळ हौसेखातर जीव धोक्यांत घालून शिखर चढावें, आणि खालीं येऊन त्यावर ग्रंथ लिहावा, यांत वाङ्मय कसलें, असा प्रश्न आपल्या मनांत सहज येतो.

हा प्रश्न केवळ टीकाकारांचा नाहीं. आज पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांतील मुलें आणि मुली सुटी लागतांच पाठीवर पिशवी टाकून सह्याद्रीचे कडे चढावयास जातात, हिमालयांतील बर्फांत जातात, आणि घरीं आईबाप तोंडानें काही न बोलतां त्यांच्या परतीचे दिवस मोजीत बसतात. हा जिवाचा खेळ कशासाठीं, असें त्यांना विचारावयाचें असतें. ज्या समाजानें या खेळाचें शास्त्र बनविलें आणि त्यावर कपाटें भरतील इतकीं पुस्तकें लिहिलीं, त्यानें या प्रश्नाचें उत्तर काय दिलें, हें पाहणें म्हणून निरर्थक होणार नाहीं. या लेखांत त्यांपैकीं निवडक पुस्तकांचा विचार एकाच कसोटीनें करण्याचें योजिलें आहे. जो तेथें खेळावयास आलेला नाहीं, तेथेंच जन्मतो, राबतो आणि मरतो, तो माणूस या लेखकांना दिसला कीं नाहीं, ही ती कसोटी.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. आल्प्सचीं उंच शिखरें ही मनुष्यानें जाण्याची जागा नव्हे, अशी तेथील लोकांची दीर्घकाळ समजूत होती. ८ ऑगस्ट १७८६ रोजीं शामोनी गांवचा डॉक्टर पाकार आणि स्फटिक शोधणारा बालमा या दोघांनीं माँ ब्लाँ सर केलें, तेव्हांपासून ही समजूत ढासळूं लागली. १८२१ सालीं शामोनीच्या वाटाड्यांनीं आपला संघ स्थापिला. १८५७ सालीं लंडनमध्यें आल्पाइन क्लब निघाला. आणि पुढील अवघ्या आठदहा वर्षांत बहुतेक मोठीं शिखरें चढून झालीं. हा सर्व खेळ उन्हाळ्याचा. हिवाळी खेळांचा आरंभ सांगतांना सेंट मॉरिट्झच्या बाड्रुट नांवाच्या खानावळवाल्याची गोष्ट सांगतात. १८६४ सालीं त्यानें आपल्या इंग्रज पाहुण्यांशीं पैज मारली, कीं हिवाळ्यांत येऊन पाहा. ऊन आवडलें नाहीं तर खर्च माझा. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, त्यानंतरच्या वीस वर्षांत डोंगरावरचें वर्ष बदललें हें खरें. पूर्वी उन्हाळा आला कीं गुरें वरच्या कुरणांत न्यावयाचीं, चीज करावयाचें, गवत कापून सांठवावयाचें, आणि हिवाळ्यांत गुरें गोठ्यांत बांधून लांकडें वाहावयाचीं, असा त्या खोऱ्यांचा क्रम होता. त्या क्रमावर आतां पाहुण्यांचें पंचांग येऊन बसलें. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत गिर्यारोहण, डिसेंबरपासून मार्चपर्यंत घसरगाडी आणि स्की, एप्रिल-मे महिन्यांत हिमनद्यांवरून लांबचे स्कीप्रवास, असें तें पंचांग आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या खेळांचीं साधनें मुळांत खेळाचीं नव्हतींच. घसरगाडी ही लांकडें आणि गवत उतरविण्याची गाडी होती. कड्यांवरून चालण्याची विद्या रानबोकडांचे शिकारी आणि स्फटिक शोधणारे यांची होती. स्की ही तर नॉर्वेंतील शेतकऱ्यांची हिवाळ्यांतील पायवाटच. म्हणजे डोंगरी माणसाची मजुरी हीच पाहुण्याची क्रीडा झाली. ही देवघेव ज्या लेखकाला समजली त्याचें पुस्तक टिकलें. ज्याला समजली नाहीं त्याचें केवळ शिखरांच्या जंत्रीसारखें उरलें.

स्टीफनला ती समजली होती. त्याच्या पुस्तकाचें नांवच रस्किनला उत्तर दिल्यासारखें वाटतें. रस्किननें १८६५ सालीं आपल्या देशबांधवांवर असा ठपका ठेविला होता, कीं कवींनीं देवालयें मानिलेले पर्वत तुम्हीं जत्रेंतील चढण्याचे खांब करून टाकले. हा आरोप हलका नव्हता. पर्वतांच्या सौंदर्यावर रस्किनइतकें समर्थ गद्य इंग्रजींत दुसऱ्या कोणीं लिहिलेलें नाहीं. स्टीफन त्याच्याशीं तत्त्वाचा वाद घालीत बसत नाहीं. तो म्हणतो, हा खेळच आहे, आणि मी खेळण्यासाठींच गेलों होतों. मात्र खेळणाऱ्याला पर्वताचें एक ज्ञान होतें, जें खालीं उभें राहून पाहणाऱ्याला होत नाहीं. अमुक एक पांढरा उतार दुर्बिणींतून पाहिला तर तो एक रंगाचा पट्टा असतो. ज्यानें त्यावर बर्फाच्या कुऱ्हाडीनें पायऱ्या खोदण्यांत तास घालविले, त्याला त्याची उंची स्नायूंनीं कळलेली असते. सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीनें हा मुद्दा महत्त्वाचा आहे. डोळ्यांना जें भव्य दिसतें त्याला परिमाण द्यावें लागतें, आणि तें परिमाण शरीराच्या श्रमांतून मिळतें, असें त्याचें म्हणणें आहे.

परंतु स्टीफनचा खरा मोठेपणा याच्याहि पुढें आहे. आल्प्सच्या प्रवाशानें स्वतःला त्या साहसाचा नायक समजूं नये, असें तो स्पष्ट बजावतो. आपल्या चढाईचें खरें वर्णन करावयाचें तर अमुक वाटाड्यानें मोठ्या कौशल्यानें आणि धैर्यानें एक बिकट काम पार पाडलें, आणि पाठीवरचें ओझें व मागून ओढून न्यावयाचा मालक या दोहोंमुळें तें काम अधिकच बिकट झालें, असेंच लिहिलें पाहिजे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. हा केवळ विनोद नव्हे. मेल्खियॉर आंडरएग हा वाटाड्या त्याच्या पुस्तकांत ज्या सन्मानानें वावरतो, तो सन्मान तत्कालीन इंग्रजी कादंबरींत नोकरांना मिळालेला फारसा आढळत नाहीं. स्टीफनचा उपहास नेहमीं स्वतःवर वळतो. वाटाड्यावर तो क्वचितच वळतो. पुस्तकाच्या पुढील आवृत्तींत आलेला हिवाळ्यांतील आल्प्सवरील त्याचा निबंध तर अवश्य वाचावा. उन्हाळी गर्दी निघून गेल्यावर तो त्या खोऱ्यांत जातो, आणि जेथें आपण खेळलों तेथें एरवीं काय असतें हें पाहतो. क्रीडांगण हा शब्द आपला आहे, जागा दुसऱ्याची आहे, ही जाणीव त्या निबंधांतील शांततेंत आहे.

त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेलें एडवर्ड व्हिंपरचें पुस्तक अगदीं निराळ्या जातीचें आहे. व्हिंपर हा लांकडावर चित्रें कोरणारा कारागीर. १८६० सालीं एका प्रकाशकासाठीं आल्प्सचीं चित्रें काढावयास तो गेला, आणि मॅटरहॉर्न या ४४७८ मीटर उंचीच्या शिखरानें त्याला पछाडलें. वारंवार अपयश आल्यानंतर १४ जुलै १८६५ रोजीं तो सहा जणांसह माथ्यावर पोंचला. उतरतांना चौघे कड्यावरून कोसळले. हॅडो हा एकोणीस वर्षांचा अननुभवी तरुण घसरला. त्याच्या धक्क्यानें मिशेल क्रो हा वाटाड्या गेला. त्यांच्या ओढीनें हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस गेले. आणि डग्लस व थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. व्हिंपर आणि टाउगवाल्डर पितापुत्र वांचले. डग्लसचें प्रेत कधींच सांपडलें नाहीं.

कथनाची शक्ति म्हणून पाहिलें तर या प्रकरणाला इंग्रजी प्रवासवाङ्मयांत फार थोडीं तोडीचीं आहेत. कारागिराला रेषा किती लागते हें कळतें. व्हिंपर एक शब्द अधिक वापरीत नाहीं. परंतु याच प्रकरणांत पुस्तकाचा मोठा दोषहि आहे. तुटलेला दोर बरोबर असलेल्या दोरांत सर्वांत जुना आणि कमकुवत होता, ही गोष्ट व्हिंपर सांगतो. आणि तो दोर तेथें कां बांधला गेला या प्रश्नाची सावली थोरल्या टाउगवाल्डरवर पडेल अशा रीतीनें सांगतो. दोर कापल्याचा आरोप तो खोडून काढतो, पण संशयाला जागा ठेवतो. चौकशींत टाउगवाल्डर निर्दोष ठरला, तरी त्याच्या गांवानें आणि जगानें त्याच्याकडे पूर्वीच्या दृष्टीनें पाहिलें नाहीं. मोहिमेचा पुढारी व्हिंपर होता. अननुभवी माणसाला बरोबर घेण्याच्या निर्णयांत त्याचाहि वाटा होता. मग प्रश्न टाउगवाल्डरलाच कां? या प्रश्नाचें उत्तर साधें आहे. व्हिंपरजवळ लेखणी होती, टाउगवाल्डरजवळ नव्हती.

लेखणी कोणाच्या बाजूची, यावर डोंगरांतील कीर्ति किती अवलंबून असते याचें उलट उदाहरणहि आहे. माँ ब्लाँच्या पहिल्या चढाईंत डॉक्टर पाकारचा वाटा मोठा होता. परंतु म्हाताऱ्या बालमानें आपली कहाणी अलेक्झांडर द्यूमा यास सांगितली, द्यूमानें ती रंगवून लिहिली, आणि पाकार हा मागून ओढत आणलेला दुबळा सोबती म्हणून कितीतरी वर्षें ओळखला गेला. तेव्हां येथें सज्जन-दुर्जन अशी वांटणी श्रीमंत-गरिबांवरून करण्यांत अर्थ नाहीं. पुस्तकांतून मिळणारी साक्ष नेहमीं एकतर्फी असते, हें समजून वाचलें म्हणजे पुरें.

वाटाड्याजवळ एक पुस्तक मात्र असे. त्याला जर्मनभाषी खोऱ्यांत ‘फ्यूररबुख’ म्हणत. आपल्याकडे जुने खानसामे साहेबांचीं शिफारसपत्रें जपून ठेवीत, तशांतलाच हा प्रकार. चढाई संपली कीं मालकानें त्या वहींत चार ओळी लिहावयाच्या, आणि त्या दाखवून वाटाड्यानें पुढचें काम मिळवावयाचें. वही त्याची, अक्षर मालकाचें. क्रिस्टियान आल्मर या नामांकित वाटाड्याच्या अशा वहीची हुबेहूब प्रतिकृति १८९६ सालीं छापून प्रसिद्ध झाली. वाङ्मयाचा प्रकार म्हणून या वह्यांकडे कोणी टीकाकारानें पाहिलें पाहिजे. त्यांत एका माणसाची सारी हयात आहे, पण त्याचा स्वतःचा शब्द नाहीं. याच आल्मरनें त्याच वर्षीं, आपल्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, सत्तरीच्या घरांतील आपल्या बायकोला बरोबर घेऊन वेटरहॉर्न शिखर चढलें. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हौसेसाठीं चढलेल्या माणसानें एकदां आपल्या हौसेसाठीं चढावें, यांत मला या सर्व वाङ्मयावरचें सर्वांत मार्मिक भाष्य दिसतें.

हिवाळ्याचें वाङ्मय उन्हाळ्याच्या वाङ्मयाहून स्वभावानें वेगळें आहे. त्याचे पुष्कळसे कर्ते खेळाडू म्हणून नव्हे, तर रोगी म्हणून किंवा रोग्यांबरोबर डोंगरांत आले होते. क्षयाच्या विकारावर थंड कोरडी हवा हाच त्या काळचा उपाय असल्यामुळें दावोस गांव आजाऱ्यांनीं भरलें. स्टीव्हन्सन १८८० ते १८८२ या काळांतील दोन हिवाळे तेथें राहिला, आणि ‘ट्रेझर आयलंड’ त्यानें तेथेंच पुरें केलें. चांदण्या रात्रीं घसरगाडीवरून उतरण्याच्या आनंदावरचे त्याचे शब्द वाचतांना हा माणूस खोकत खोकत हें लिहीत आहे, याचा विसर पडत नाहीं. जॉन ॲडिंग्टन सिमंड्स तर १८७७ पासून तेथलाच झाला. १८९२ सालीं त्यानें आपली मुलगी मार्गारेट हिच्यासह लिहिलेलें स्विस पहाडांतील जीवनाचें पुस्तक माझ्या मतें या सर्वांत संतुलित आहे. त्यांत घसरगाडीचा आनंद आहे आणि घरादारांवर कोसळणारे हिमलोटहि आहेत. शेतकऱ्यांचे सण आहेत आणि त्यांचीं मरणेंहि आहेत. बाराहि महिने तेथें राहिलेल्या माणसालाच एका पुस्तकांत या सर्व गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवतां येतात.

मिसेस बर्नाबी, पुढें एलिझाबेथ ल ब्लाँ या नांवानें प्रसिद्ध झालेली बाई, हीहि प्रकृतीसाठींच आली आणि १८८३ सालीं हिवाळ्यांतील उंच आल्प्सवर पुस्तक लिहून बसली. येथें येईपर्यंत आपण आपले बूटसुद्धां स्वतःच्या हातानें कधीं चढविले नव्हते, आणि रूढीच्या बेड्या आपल्या पर्वतांनीं तोडल्या, अशी कबुली तिनें पुढें दिली. १९०७ सालीं तिनें स्त्रियांचा स्वतंत्र आल्पाइन क्लब काढला. इझाबेला स्ट्रॅटन हिनें ३१ जानेवारी १८७६ रोजीं, भर हिवाळ्यांत, माँ ब्लाँ सर केलें आणि त्याच वर्षीं आपला वाटाड्या जाँ शार्ले याच्याशीं विवाह केला. खेळ समाजाच्या भिंती कितपत हालवूं शकतो, हें पाहणाऱ्यानें हीं दोन उदाहरणें विसरूं नयेत.

आर्थर कॉनन डॉइल आपल्या आजारी पत्नीला घेऊन दावोसला आला होता. मार्च १८९४ मध्यें ब्रांगर बंधूंबरोबर त्यानें स्कीवरून एक खिंड ओलांडून आरोसा गांठलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘स्ट्रँड’ मासिकांत त्यावर लेख लिहिला. शेरलॉक होम्सचा जनक या लेखांत आपल्या पडण्याचें आणि विजारीच्या झिजण्याचें जें वर्णन करतो, तें आजहि ताजें वाटतें. त्यानें सांगितलेली एक बारीकशी गोष्ट मला फार मोलाची वाटते. आरोसाच्या हॉटेलांत नोंदवहींत नांवें लिहितांना टोबियास ब्रांगरनें डॉइलच्या धंद्याच्या रकान्यांत ‘खेळाडू’ या अर्थाचा एक मोडकातोडका शब्द लिहिला. फ्यूररबुखाचा क्रम येथें उलटला. या वेळीं वाटाड्यानें मालकाला शिफारस दिली, आणि जगप्रसिद्ध लेखकानें ती मोठी पदवी म्हणून मिरविली.

विसाव्या शतकांत या खेळाची घडी बसली. अर्नल्ड लन यानें १९२२ सालीं म्यूरेन येथें आधुनिक स्लालम शर्यत सुरू केली. १९२४ सालीं शामोनीला हिवाळी खेळांचा जो सप्ताह झाला त्यालाच पुढें पहिलें हिवाळी ऑलिंपिक ही मान्यता मिळाली. लन स्वतः चांगला लेखक होता, आणि वसंतांतील बर्फावर त्याच्याइतक्या प्रेमानें थोड्यांनींच लिहिलें. परंतु वेळ सेकंदाच्या अंशांत मोजली जाऊं लागली, तसें गद्य आखडत गेलें, असें माझें मत आहे. शर्यतींत उतार हा केवळ उतार उरतो. त्याच्या पायथ्याचें गांव दिसेनासें होतें.

याच सुमारास वाटाड्याच्या हातीं लेखणी आली. माटियास त्सुरब्रिगन यानें १८९९ सालीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. हा १८९२ सालीं कॉनवेबरोबर काराकोरममध्यें आला होता, आणि १८९७ सालीं दक्षिण अमेरिकेंतील आकोंकाग्वा शिखरावर एकटाच पहिल्यानें पोंचला होता. क्रिस्टियान क्लुकरच्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर १९३० सालीं निघाल्या. वाङ्मयगुणांत हीं पुस्तकें स्टीफनच्या जवळ येत नाहींत हें कबूल केलें पाहिजे. क्लुकरच्या पुस्तकांत तर एका मालकाविषयींची कटुता बरीच जागा खाते. परंतु त्यांच्यामुळें आधीचीं सर्व पुस्तकें नव्यानें वाचावीं लागतात. आजवर ‘वाटाड्या पुढें गेला’ असें जें एक वाक्य होतें, त्याच्यामागें एक विचार करणारें, मोबदल्याचा हिशेब ठेवणारें आणि मालकाची पारख करणारें मन होतें, हें कळतें.

या धाग्याचें एक टोंक आपल्या देशापर्यंत येतें. बिनवाटाड्याच्या गिर्यारोहणाचा पुरस्कर्ता ममरी याचें पुस्तक १८९५ सालीं निघालें. त्याच वर्षीं नंगा पर्वतावर तो नाहींसा झाला, आणि त्याच्याबरोबर रघुबीर थापा आणि गोमानसिंग हे दोन गुरखे नाहींसे झाले. ममरीच्या मृत्यूवर पुष्कळ लिहिलें गेलें. त्या दोघांचीं नांवें सांगणारें वाक्य शोधावें लागतें. साठ वर्षांनीं मात्र चित्र पालटलें. १९५२ सालीं रेमाँ लाँबेर या स्विस वाटाड्याबरोबर एव्हरेस्टवर सुमारें २८,२०० फुटांपर्यंत गेलेला, आणि १९५३ सालीं हिलरीबरोबर माथा गांठणारा तेनसिंग यानें १९५५ सालीं आपलें आत्मचरित्र सांगितलें. त्याला लिहितां येत नव्हतें. शब्द अमेरिकन लेखक उलमन यानें उतरून घेतले. तरी त्यांतील दृष्टि त्याचीच आहे. काठमांडूंत शेरपांना मोटारीच्या गॅरेजमध्यें झोंपावें लागलें याचा सल तो लपवीत नाहीं. स्विस मंडळींनीं मित्रासारखें वागविलें हें तो कृतज्ञतेनें सांगतो. आणि शेवटचें पाऊल प्रथम हिलरीनें टाकलें हें वादाला कंटाळून सरळ सांगून टाकतो. १९५४ सालीं दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेंत शिकविण्यापूर्वी तो स्वित्झर्लंडमध्यें रोझेनलाउई येथें शिकून आला. आल्प्सच्या वाटाड्यांनीं दिलेली विद्या हिमालयाच्या वाटाड्याकडे अशी आली.

सह्याद्रीवर आज मराठींत पुष्कळ लिहिलें जातें, आणि तें होत आहे याचा आनंदच आहे. परंतु आपल्या लेखकांनींहि ही कसोटी स्वतःला लावून पाहावी. रात्रीं आसरा देणारा, भाकरी करून घालणारा आणि धुक्यांतून वाट दाखविणारा ठाकर किंवा महादेव कोळी माणूस आपल्या पानांत नांवानें येतो, कीं नुसता ‘एक गांवकरी’ म्हणून येतो? पावसाळ्यांत, आपण तेथें नसतांना, त्याचें काय होतें, हें आपल्याला ठाऊक असतें काय?

आल्प्समध्यें हा प्रश्न आतां कठोर झाला आहे. हिमनद्या आटत आहेत. बर्फ उशिरा पडतें, लवकर वितळतें. यंत्रानें बर्फ पाडून उतार पांढरे ठेवावे लागतात, आणि जेथें तेंहि जमत नाहीं तेथें स्कीच्या जागीं सायकली येत आहेत. पाहुण्यांचें पंचांग पुन्हां बदलत आहे. २८ मे २०२५ रोजीं लोचेन खोऱ्यांतील ब्लाटेन हें गांव हिमनदी आणि कड्याचा ढिगारा कोसळून बहुतांशीं गाडलें गेलें. सुमारें तीनशें रहिवासी आधींच बाहेर काढले होते म्हणून मोठी प्राणहानि टळली. खेळणारा दुसऱ्या उतारावर जाऊं शकतो; ज्याचें घर तेथें आहे त्याला तसें जातां येत नाहीं.

आरंभीं विचारलेल्या आईबापांच्या प्रश्नाकडे आतां वळूं. या वाङ्मयानें त्यांना दिलेलें उत्तर असें, कीं हा खेळ निरर्थक नाहीं. त्यानें आजारी माणसांना उभें केलें, स्त्रियांना मोकळें केलें आणि रुक्ष पंडिताला विनोद शिकविला. पण तो फुकटहि नाहीं. त्याची किंमत कधीं मॅटरहॉर्नवरच्या चौघांनीं दिली, कधीं टाउगवाल्डरसारख्यानें आपल्या नांवानें दिली. मुलानें डोंगरावर जावें कीं नाहीं, हें पुस्तकें ठरवूं शकत नाहींत. परत आल्यावर त्यानें काय सांगितलें, यावरून मात्र तो तेथें काय शिकला हें ओळखतां येईल. शिखराची उंची त्याला तोंडपाठ असेलच. वाट दाखविणाऱ्याचें नांव त्याला आठवतें काय, एवढें विचारून पाहावें.